दोनशे मीटर

सहलीच्या फॉर्ममध्ये एकवीस प्रश्न होते आणि त्यातल्या वीस प्रश्नांची उत्तरं आत्माराम शिवलकरांनी अगदी खरी दिली. वय एकसष्ट. रक्तदाब आहे, गोळी चालू आहे. मधुमेह नाही. बोट लागत नाही. हे सांगताना तर ते जरा गुरगुरलेच. बत्तीस वर्षं जहाजांवर काढून बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बोट लागते का, असं विचारणारा हा कोण टिकोजीराव, असं त्यांचं म्हणणं. घोडं अडलं ते सतराव्या प्रश्नावर. पोहता येतं का? येत असल्यास किती अंतर?

त्यांची मुलगी शमिका लॅपटॉप मांडीवर घेऊन समोर झोपाळ्यावर बसली होती. प्रश्न वाचून ती स्वतःच हसली. "हे काय विचारायचं! बाबा, किती लिहू? पाचशे मीटर?"

"दोनशे लिही," आत्माराम म्हणाले. "आता वय झालं."

शमिकाने दोनशे लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. खरी गोष्ट अशी की आत्माराम शिवलकरांना दोन मीटरसुद्धा पोहता येत नव्हतं.

फणसोपात समुद्राच्या काठावर जन्मलेला माणूस, त्यात जहाजावरचा, आणि पोहता येत नाही म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. पण शिवलकरांच्या घरातल्या तीन पिढ्या दर्यावर गेल्या आणि तिन्ही पिढ्यांना पोहता येत नव्हतं. ते काही विसरून राहिलं नव्हतं, ठरवून केलेलं होतं. आत्मारामांच्या वडिलांचं मत पक्कं होतं. ज्याला पोहता येतं त्याला बोट सोडायची भीती वाटत नाही, आणि ज्याला बोट सोडायची भीती नाही तो बोटीला जपत नाही. आठ वर्षांचे आत्माराम एकदा बाकीच्या पोरांमागून खाडीत उतरले, तर वडिलांनी कान धरून बाहेर काढलं आणि घरापर्यंत तसंच आणलं. पुढे नोकरीला लागताना सुरक्षेचा कोर्स करावा लागला. तिथे लाइफ जॅकेट घालून टाकीत उडी मारायची होती. आत्मारामांनी डोळे मिटून मारली, बाकीचं काम जॅकेटने केलं आणि सर्टिफिकेट मिळालं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण एकदा डर्बनच्या बंदरात त्यांच्या बोटीवरचा एक खलाशी पाण्यात पडला आणि आत्मारामांनी त्याच्याकडे नेमकं तरंगतं कडं फेकलं. माणूस वाचला. सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट सांगितली, तर मांडीवर बसलेल्या शमिकाने विचारलं, "मग तुम्ही उडी मारलीत?" नऊ महिन्यांनी पोरगी मांडीवर बसली होती, डोळे एवढे मोठे केले होते. बापाच्या तोंडून गेलं, "मारली की!" पाचवीत तिने त्यावर 'माझे बाबा' म्हणून निबंध लिहिला, शाळेत पहिला आला. तो निबंध फ्रेम करून पडवीत लावलेला होता. आत्माराम गेली अठरा वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून चहा पीत नसत.

तर ही सहल. शिमगा झाला की शमिका, तिचा नवरा दर्शन, आई आणि बाबा अशा चौघांनी रत्नागिरीहून रेल्वेने कोचीला जायचं, तिथून विमानाने लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर. मग तीन दिवस बोटीने या बेटावरून त्या बेटावर. आणि बेटाभोवती पोवळ्याचा जो कठडा असतो, त्याच्या आतल्या संथ पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये, कयाक चालवायची. कयाक म्हणजे दोघांची लांबट होडी, बसल्या बसल्या वल्हवायची. शमिका रत्नागिरीत कॉलेजात शिकवते, त्यामुळे सहलीचंही तिने वेळापत्रक केलं होतं, याद्या केल्या होत्या, यादीत काय काय आहे याचीही एक यादी होती. ही सगळी खटपट कशासाठी, तेही तिने सांगितलं होतं. "बाबांनी जगातले सगळे समुद्र बघितले. आईने घरचासुद्धा बघितला नाही."

ते खरं होतं. शिवलकरांच्या घरचा रिवाज होता, घरचा माणूस जहाजावर असला की घरच्या बाईने समुद्रात पाय घालायचा नाही, खाडीतही नाही. आत्मारामांची बायको सगुणा दाभोळची, वाशिष्ठीच्या खाडीकाठची. पण लग्न होऊन आली ती चौतीस वर्षं वाळूच्या वर उभी राहिली. गणपती विसर्जनालासुद्धा आरती झाली की ती मागे सरायची. नवरा निवृत्त झाला तरी सवय सुटली नव्हती. तिच्या फॉर्मवर सतराव्या प्रश्नापुढे 'नाही' असं होतं, आणि त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

दर्शनच्या फॉर्मवरही 'नाही' होतं. तो मंडणगडचा, डोंगरातला. पाणी त्याने पावसाळ्यात बघायचं आणि बाकी वर्षभर हंड्यात. शमिका मात्र कॉलेजच्या तलावात रीतसर शिकली होती.

सहलवाल्यांचा एक नियम होता आणि तोच आत्मारामांच्या मानगुटीवर बसला. दोघांच्या कयाकमध्ये एकाला तरी पोहता आलं पाहिजे. लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं हे खरं, पण कठड्याला जिथे फट असते तिथून ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. उलटलेली कयाक धरायला, घाबरलेल्या माणसाला परत आणायला पोहणारा लागतो. शमिकाने जोड्या लावल्या होत्या. बाबा आणि दर्शन, आई आणि मी.

"मी ह्यांच्याबरोबरच बसणार," सगुणा ताटं मांडता मांडता म्हणाली. "नायतर मी येत नाय."

"आई, मला जास्त चांगलं पोहता येतं. बाबांचं वय झालंय."

"मला पोहायला येत नाय, तर मी कुणाच्या भरवशावर बसायचं ते मी ठरवणार का तू?"

शमिका हसली आणि तिने यादीत नावं बदलली. आत्मारामांनी पुढ्यातलं ताट मागे सारलं. आतापर्यंत ती फक्त एक थाप होती. आता तिच्यावर सगुणा बसली होती.

त्या दिवसापासून त्यांना नीट जेवण जाईना. दुपारी आडवे झाले की डोळ्यांसमोर यायचं, हिरवं पाणी, उलटी झालेली कयाक, आणि सगुणा त्यांच्याकडे हात करतेय. भरवशाने. हे भरवशाचं सगळ्यात वाईट होतं. लग्नानंतर दाभोळला पहिल्यांदा गेले तेव्हाचं त्यांना आठवायचं. तिच्या मामाकडे पलीकडे धोपाव्याला होडीने जात होते, मध्येच लाट आली आणि होडी कलंडल्यासारखी झाली. आत्मारामांनी पटकन तिचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की चुड्यातल्या दोन हिरव्या बांगड्या फुटल्या. नवी नवरी घाबरली होती, मी धरली म्हणून बरं, असं ते अजून सांगत. सगुणा ते ऐकून नेहमी हातातल्या बांगड्या मागे सारायची.

एक दिवस बँकेत जातो म्हणून ते स्कूटर काढून थेट आरे-वारेला गेले. फणसोपापासून लांब, ओळखीचं कुणी भेटायचं नाही. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले. मोबाइलवर बघून ठेवलं होतं, आधी श्वास सोडायला शिकायचं, मग तरंगायला. कमरेएवढ्या पाण्यात गेले, नाक धरलं, तोंड पाण्यात घातलं, तेवढ्यात लाटेने पायाखालची वाळू काढून घेतली. एकसष्ट वर्षांचा माणूस चारी पायांवर रांगत किनाऱ्याला लागला. वर एक सहलीची टोळी उभी होती. त्यातला एकजण म्हणाला, "काका, आमचा एक फोटो काढता का?" आत्मारामांनी नाकातून पाणी गळत असताना त्यांचे सहा फोटो काढून दिले.

घरी आल्यावर सगुणाने ओली विजार धुवायला घेतली. खिशातून ओंजळभर वाळू निघाली. तिने ती मोरीत झटकली आणि विचारलं, "बँकेत गर्दी व्हती?"

"व्हती," आत्माराम म्हणाले.

"असणारच," ती म्हणाली.

मग त्यांनी गुडघा काढला. गुडघा दुखतोय, मला काही वल्हवता यायचं नाही, तुम्ही तिघं जा, मी काठावर बसतो. कयाकमध्ये गुडघ्याला काय काम असतं, असं शमिकाने विचारलं. सगुणाने तेल गरम करून चार दिवस गुडघा चोळला. न दुखणारा गुडघा चार दिवस चोळून घेणं ही काय शिक्षा असते ते ज्याचं त्याला माहीत. पाचव्या दिवशी आत्माराम म्हणाले, बरा झाला.

खरं सांगून टाकावं असं रोज ठरायचं. एकदा संध्याकाळी सगुणा तुळशीपाशी दिवा लावून आली तेव्हा त्यांनी सुरुवातही केली. "सगुणा, तो फॉर्म भरला ना आपण..."

ती थांबली. पदराला हात पुसत तिने त्यांच्याकडे पाहिलं. "काय?"

तिच्या मागे पडवीची भिंत होती, भिंतीवर निबंध होता. "रक्तदाबाचं लिहायला विसरलं की काय शमी, असं वाटलं," आत्माराम म्हणाले.

"लिवलंय तिने," सगुणा म्हणाली. आत जाताना ती जरा रेंगाळली, असं त्यांना उगाच वाटलं.

निघायच्या आधीच्या रविवारी भाट्याच्या खाडीत तालीम ठरली. तिथे ऋत्विक नावाचा तरुण पर्यटकांना कयाक शिकवतो, शमिकाचा जुना विद्यार्थी. सकाळची भरती होती, पाणी भरून आलं होतं. ऋत्विकने वाळूवर सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, "मध्यावर गेलो की मुद्दाम कयाक उलटी करायची. दोघंही पाण्यात पडणार. मग ज्यांना पोहता येतं त्यांनी दुसऱ्याला सांभाळून कयाक सरळ करायची आणि चढायचं. हे जमलं की तिकडे काही भीती नाही. काका, तुम्हाला काय, पोरखेळ!"

आत्मारामांनी मान हलवली. सगुणा थोडी पलीकडे उभी होती. शमिकाने घेऊन दिलेला पंजाबी ड्रेस तिने घातला होता, आणि ती खाली मान घालून भराभर तयारी करत होती. वेणीचा घट्ट अंबाडा घातला, मंगळसूत्र गळ्याशी आत घेऊन पिनेने अडकवलं, बांगड्या काढून शमिकाच्या पिशवीत ठेवल्या. पोहता न येणाऱ्या बाईची ही टापटीप बघून आत्मारामांना भरून आलं. किती विश्वासाने आली ही!

सगुणा पुढे बसली, आत्माराम मागे. ऋत्विकने कयाक ढकलली आणि तो स्वतःच्या कयाकमधून मागून निघाला. जहाजाच्या डेकवरून पाणी तीन माड खाली असायचं, इथे ते बुडाखाली चार बोटांवर होतं आणि प्रत्येक वल्ह्याबरोबर डुचमळत होतं. आत्माराम पाठ ताठ करून बसले. सगुणाने मात्र दहा हात गेल्यावर वल्हं मांडीवर ठेवलं, वाकून उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला.

"हात आत घे गो!" आत्माराम किंचाळले.

"गार हाय पाणी," ती म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागला, लहान मुलीसारखा. तिने हात आत घेतला नाही.

मध्यावर पोचल्यावर आधी शमिका आणि दर्शनची पाळी. शमिकाने कयाक उलटली, दोघं धपकन पडले. दर्शन नाकातोंडात पाणी जाऊन आईच्या नावाने ओरडला. शमिकाने त्याला धरलं, हसत हसत कयाक सरळ केली आणि चौथ्या प्रयत्नाला त्याला वर लोटलं. पाणी खेळ वाटावा इतकं सोपं दिसलं. पण आत्माराम दर्शनचा चेहरा बघत होते. पाण्यावर आल्या आल्या त्याने आधी शमिकाकडे बघितलं होतं. ती नसती तर त्याने कुणाकडे बघितलं असतं?

"चला काका, आता तुम्ही!" ऋत्विक लांबून ओरडला.

सगुणाने मागे वळून बघितलं. "करायचं?"

तिच्या त्या नजरेने आत्मारामांचा सगळा धीर गेला. फ्रेममधला निबंध, डर्बन, बोसन, फणसोपातली इभ्रत, सगळं जाऊ दे खड्ड्यात. हिला काही होता कामा नये. "थांबा!" ते म्हणाले, पण वारा उलटा होता. ऋत्विकने कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली. बोटीवर लांबच्या माणसाला हाक द्यायची तर उभं राहून, तोंडाशी दोन्ही हात धरून द्यायची, ही बत्तीस वर्षांची सवय. आत्माराम उभे राहिले, तोंडाशी हात धरले आणि सगळी खाडी ऐकेल अशा आवाजात ओरडले, "शमे! मला पोहता येत नाय! हिला माझ्या भरवशावर घालू नकोस!"

वाक्य पुरं झालं. मग कयाक उलटली.

पाणी नाकातून मेंदूपर्यंत गेल्यासारखं झालं. जॅकेटने त्यांना वर आणलं, पण ते त्यांना कळलंच नाही. हात पाय झाडत ते वळले. पिवळी कयाक पालथी दिसली. सगुणा दिसली नाही. "सगुणा!" म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात खाडी शिरली. गेली. माझ्यामुळे गेली. एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता, स्वतःच्या बुडण्याचा विचार करायलासुद्धा जागा उरली नव्हती.

तेवढ्यात मागून जॅकेटचा पट्टा कुणीतरी धरला.

"हात मारू नका," सगुणाचा आवाज कानाशी आला, अगदी स्वयंपाकघरातला आवाज. "डोकं मागे टाका. आभाळाकडे बघा. पाय सैल सोडा. सैल म्हणजे सैल!"

आत्मारामांनी आभाळाकडे बघितलं. घारी फिरत होत्या. आपण हलतोय, असं त्यांना जाणवलं. सगुणाने एका हाताने त्यांचा पट्टा धरला होता, दुसऱ्या हाताने कयाकची दोरी, आणि फक्त पायांनी पाणी मारत ती दोघांनाही ओढत होती. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

ऋत्विक धावत आल्यासारखा वल्हवत पोचला तेव्हा आत्माराम कयाकच्या बुडाला मिठी मारून खोकत होते. "काकी, तुम्ही... तुम्हाला..."

"ते वल्हं वाहून चाललंय बघ," सगुणा म्हणाली. "आधी ते धर."

सगळे वाळूवर आले. दर्शनने टॉवेल दिला. शमिका वडिलांसमोर गुडघे टेकून बसली होती, तिचे डोळे लाल झाले होते. "बाबा, दोनशे मीटर?"

"डर्बनलापण उडी नव्हती मारली," आत्माराम म्हणाले. आता काय राहिलं होतं लपवायचं! "कडं फेकलं होतं फक्त. तू विचारलंस, मला नाही म्हणवलं नाही."

शमिकाने टॉवेलचं टोक घेऊन त्यांचे कान पुसले, लहान मुलाचे पुसतात तसे, जरा रागानेच. मग ती उठली आणि आईकडे वळली. आईवर चिडणं सोपं होतं. "आणि तू? तू तर 'नाही' लिहायला लावलंस! तुला एवढं पोहता येतं?"

"दाभोळच्या खाडीत तिसऱ्या-शिंपल्या काढायला जायचो आम्ही," सगुणा अंबाडा सोडून केस पिळत म्हणाली. "ओहोटीला चालत जायचं, भरती लागली की पोहत यायचं. सगळ्याच पोरी यायच्या."

"मग खोटं का लिहिलंस?"

"'होय' लिवलं असतं तर तू ह्यांना दर्शनबरोबरच बसवलं असतंस." सगुणाने आत्मारामांकडे न बघता सांगितलं. "मंग ह्यांना कोण सांभाळणार व्हतं?"

आत्मारामांनी मान वर केली. "तुला कधी कळलं?"

"धोपाव्याला जाताना. होडीत माझा हात धरलात तेव्हा."

"तू घाबरली होतीस म्हणून..."

"मी?" सगुणा म्हणाली. "बांगड्या फुटेपर्यंत कोण धरतं हात? आईने विचारलं, तर मी सांगितलं, होडीच्या कडेवर आपटल्या."

चौतीस वर्षं. त्यातली सत्तावीस ते जहाजावर असताना ही वाळूवर उभी राहिली होती, नुसत्या रिवाजासाठी नाही. पाण्यात कोण आहे आणि त्याला पोहता येत नाही, हे हिला ठाऊक होतं. आत्मारामांना रडू आलं, आणि खारं पाणी आधीच तोंडावर होतं म्हणून त्यांनी ते पुसलंही नाही.

शमिकाने मोबाइल काढला, नाक ओढत यादी उघडली. "आता सगळं परत करायला पाहिजे. फॉर्म बदलायचे, जोड्या बदलायच्या..."

"फॉर्म बदल," सगुणा म्हणाली. "जोड्या हायत तशाच राहू देत."

ती उठली, ओला ड्रेस झटकला आणि पाण्याकडे चालू लागली. घोट्याएवढ्या पाण्यात थांबून तिने मागे वळून आत्मारामांकडे हात केला.

"चला अवो. भरती हाय तोवर परत एकदा उलटून बघू. आणि ह्या खेपेला उभे राहू नका."